थव्याचे शहाणपण आणि नावांची गर्दी

मुंगीला नकाशा ठाऊक नसतो आणि तिला आज्ञा देणारा सेनापतीही नसतो. तरीही मुंग्यांच्या रांगेला अन्नाकडे जाणारा जवळचा मार्ग गवसतो. हे कसे घडते, ते ब्रुसेल्समधील संशोधकांनी १९८९ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये त्यांनी एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. प्रारंभी मुंग्या दोन्हींवर विखुरल्या. आखूड वाटेवरच्या मुंग्या लवकर परतल्या, त्यांनी सोडलेला गंध तेथे आधी साचला आणि मागाहून येणाऱ्या मुंग्या तिकडेच वळल्या.

मिलानमधील मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात ही रीत संगणकासाठी वापरली. प्रश्न होता 'फिरत्या विक्रेत्या'चा, म्हणजे प्रत्येक शहरी एकदाच जाऊन परतण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याचा. १० शहरांसाठी असे १ लाख ८१ हजार ४४० मार्ग संभवतात, तर १५ शहरांसाठी ४ हजार ३५८ कोटींहून अधिक. शहरे आणखी वाढली की सर्व मार्ग तपासणे संगणकाच्याही आवाक्याबाहेर जाते. डोरिगो यांच्या पद्धतीत कृत्रिम मुंग्यांचा गंध हळूहळू विरतो, त्यामुळे आरंभी निवडलेल्या चुकीच्या वाटेचा मोह ओसरतो. १९९५ मध्ये जेम्स केनेडी व रसेल एबरहार्ट यांनी पक्ष्यांच्या थव्यावरून दुसरी पद्धत मांडली. तीत प्रत्येक कण स्वतःचा व समूहाचा सर्वोत्तम अनुभव स्मरून पुढे सरकतो.

येथवर निसर्गाने खरोखरच नवी कल्पना दिली. त्यानंतर मात्र मधमाशी, काजवा, कोकीळ, वटवाघूळ, लांडगा, देवमासा अशी प्राण्यांची रीघच लागली. रूपकाच्या आवरणाखाली जुनाच माल नव्याने विकला जात असल्याची टीका अँटवर्प विद्यापीठाचे केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये केली. लांडगा, काजवा आणि वटवाघूळ यांच्या नावाच्या पद्धतींत नवे काहीच नाही, असा निष्कर्ष २०२० मध्ये एका शोधनिबंधाने काढला. मुंग्यांच्या पद्धतीचे जनक डोरिगो हेच त्याचे एक लेखक होते, हे विशेष.

कोणतीही एक पद्धत सर्वच प्रश्नांवर सरस ठरू शकत नाही, हे डेव्हिड वोल्पर्ट व विल्यम मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. नव्या पद्धतींचे समर्थक या सिद्धांताचा आधार घेतात. परंतु नव्या पद्धतीची गरज वेगळी आणि जुन्या समीकरणाचे बारसे करणे वेगळे. विक्रेत्याच्याच कोड्यातील ८५ हजार ९०० ठिकाणांच्या एका उदाहरणाचे सर्वोत्तम उत्तर २००६ मध्ये काटेकोर गणिताने सिद्ध झाले, हेही विसरून चालणार नाही.

याची झळ पोहोचते ती विद्यार्थ्याला आणि अभियंत्याला. एकाची प्रबंधाची वर्षे खर्ची पडतात, दुसऱ्याची निवड चुकते. म्हणून यापुढे कोणत्या प्राण्याचे नाव दिले, यापेक्षा समीकरणात नवे काय आहे आणि प्रस्थापित पद्धतींशी प्रामाणिक तुलना केली आहे का, हेच प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत.