९९० चा मोह

माझे जुने वायरवाले हेडफोन अजून ठणठणीत आहेत, पण नव्या फोनला ३.५ मिमीचं भोकच नाही! म्हणून ब्लूटूथ रिसीव्हर शोधायला बसलो. काडेपेटीएवढी डबी. फोनकडून सिग्नल घेते, आतला डॅक त्याचा आवाज करतो, ॲम्प तो हेडफोनला पुरवतो. सरळ मामला. पण आपण पडलो इंजिनिअर. दोन वीकेंड एक्सेलशीट भरण्यात गेले. एसबीसी, एएसी, ॲपटीएक्स... शेवटी सोनीच्या एलडॅकचे ९९० केबीपीएस बघून पाघळलो. सीडीच्या १४११ च्या बरंच जवळ जाणारं, म्हटलं.

पुण्यात पहिल्याच दिवशी विमान खाली आलं. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, आणि सोसायटीतले निम्मे वायफायही तिथेच. ९९० वर ठेवलं की आवाज तुटतो. ऑटोवर ठेवलं की एलडॅक गुपचूप ६६० नाहीतर ३३० वर उतरतो.

डिसेंबरात भामरागडला गेलो. एक मित्र तिथे शिक्षक आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीच्या संगमावरचं गाव. रात्री अंगणात हेडफोन लावले. आजूबाजूला एकही वायफाय नाही. ९९० एकदाही तुटलं नाही! मी जाम खूश.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "आता हे ऐक." शेजारच्या माडिया आजीची गाणी. त्याने व्हॉइस मेसेज म्हणून थेट मेसेजिंग ॲपमध्येच रेकॉर्ड केलेली. आजी मागच्या पावसाळ्यात गेली. दुसरं रेकॉर्डिंग नाही.

लावलं. ॲपने बोलण्यापुरता ठेवून बाकी आवाज दाबून टाकलेला. आजी डब्यातून गातेय, एवढंच माझ्या महागड्या रिसीव्हरने अगदी स्वच्छ ऐकवलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

तर मंडळी, माझं मत असं. रिसीव्हर जरूर घ्या, चांगले हेडफोन त्याने वाचतात. पण आधी फोन बघा. आयफोन एलडॅक पाठवतच नाही, एएसी पाठवतो. अँड्रॉइडमध्ये एलडॅक आवृत्ती ८ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे, तरी आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये दिसतोय का ते तपासा. मग हेडफोन बघा. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला छोटा ॲम्प पुरतो, ३०० ओहमच्याला जास्त व्होल्टेज लागतं. मग बॅटरी. केबीपीएसचा आकडा सगळ्यात शेवटी. शहरात तो बहुतेक वेळा खोक्यावरच राहतो.

आणि वाचलेल्या पैशांतून एक साधा रेकॉर्डर घ्या. तेही नको असेल तर फोनमधलं रेकॉर्डिंगचं ॲप वापरा, डब्ल्यूएव्हीची सोय असेल तर तीच निवडा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आपण ऐकण्यावर हजारो रुपये घालतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज मात्र व्हॉइस मेसेजवर सोडतो.

मित्राला परवाच एक रेकॉर्डर पाठवला. त्याच्या गल्लीत गाणाऱ्या अजून दोन आज्या आहेत.