शाळांमधील संगणकीय नोंदींना रॅन्समवेअरपासून संरक्षण मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे

रॅन्समवेअर संगणकातील फायलींना कुलूप लावते आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागते. बहुतेक टोळ्या आता त्याआधीच माहिती चोरून नेतात. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांवर सप्टेंबर २०२२ मध्ये असा हल्ला झाला. प्रशासनाने खंडणी नाकारल्यावर महिनाभरात चोरलेली माहिती उघड करण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शालेय सॉफ्टवेअर कंपनीकडील माहिती चोरीला गेली. कंपनीने पैसे मोजले, तरीही मे २०२५ मध्ये शाळांकडे नव्याने खंडणीची मागणी आली. पैसे देऊन सुटका होते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

शाळेच्या कार्यालयातील एका संगणकात विद्यार्थ्यांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, निकाल असे सारे असते. बॅकअपचा पेनड्राइव्ह बारा महिने त्याच संगणकाला लावलेला असेल, तर हल्ल्यात तोही जातो. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आहेत. अनेक जुने संगणक त्यावरच चालतात. निधी आणि प्रशिक्षण न देता लिपिकाला जबाबदार धरणे अन्यायाचे ठरेल.

म्हणून वेतनेतर अनुदानातून प्रत्येक शाळेला दोन हार्ड डिस्क मिळाव्यात. दर आठवड्याला बॅकअप घेऊन एक डिस्क कपाटात आणि दुसरी शाळेबाहेर राहावी. त्यातील फायली उघडतात का, हे दरमहा तपासले जावे. न तपासलेला बॅकअप ऐनवेळी दगा देतो. प्रत्येक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात एक तंत्रज्ञ नेमावा आणि शालेय पोर्टलच्या लॉगिनला ओटीपी सक्तीचा करावा.

हल्ला झाल्यास नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे. संगणक लगेच फॉरमॅट केल्यास पुरावा नष्ट होतो. १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्यांना अशी घटना सहा तासांत तिला कळवावी लागते. शाळेत हे कोणी करायचे, याचे स्पष्ट परिपत्रक निघावे. माहिती चोरीला गेल्यास पालकांना लेखी कळवणे बंधनकारक असावे. स्वच्छ केलेल्या संगणकावर आधी दाखले व परीक्षेच्या नोंदी परत आणाव्यात, शुल्काचे हिशेब नंतर. तोवर जनरल रजिस्टरवरून हाताने लिहिलेला दाखला ग्राह्य धरावा आणि बाधित शाळेला परीक्षा अर्जांसाठी मुदतवाढ मिळावी.

दहावी-बारावीचे परीक्षा अर्ज सुरू होण्यापूर्वी याबाबत आदेश व्हावेत, ही विनंती.