कॉपीमुक्त अभियान : भिंतीबाहेरची गर्दी पांगली, पण आतल्या कॉपीचं काय?

दहावी-बारावीच्या २०२५ च्या परीक्षेत सरकारने कॉपीविरोधात बराच जोर लावला. जानेवारीत शाळाशाळांत जनजागृती सप्ताह झाला, मुलांना शपथ दिली गेली. परीक्षेच्या दिवसांत संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरले, व्हिडिओ शूटिंग झालं, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लावली. कॉपीला मदत करणाऱ्यावर १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा दाखल होईल, असा इशाराही दिला गेला.

मग निकाल लागले. बारावीचा राज्याचा निकाल २०२४ मध्ये ९३.३७ टक्के होता, तो ९१.८८ वर आला. दहावीचा ९५.८१ वरून ९४.१० वर आला. म्हणजे घट साधारण दीड-पावणेदोन टक्क्यांची. ही सगळी घट कडक बंदोबस्तामुळेच झाली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक प्रश्न मात्र राहतोच. शंभरातली चौऱ्याण्णव पोरं दहावी पास होत असतील, तर त्यातल्या अनेकांना साधा भागाकार का जमत नाही?

हा प्रश्न हवेतला नाही. 'असर' या संस्थेच्या पाहणीत २०२३ साली देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली गेली. त्यातली जवळपास पाव मुलं आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचू शकली नाहीत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित निम्म्याहून कमी मुलांना, म्हणजे ४३ टक्क्यांना आलं. मार्कशीट आणि डोक्यात असलेलं यातलं हे अंतर कुठून तरी भरून निघतंय. त्यातला एक रस्ता कॉपीचा आहे.

चिठ्ठी कोण पुरवतं?

परीक्षेत पकडला जातो तो पोरगा. संपादणूक रद्द होते ती त्याची. प्रकार गंभीर असेल तर पुढच्या परीक्षांना बंदी येते तीही त्याच्यावरच. पण गावाकडे केंद्रावर जे चालतं ते एकट्या पोराच्या हातचं नसतं.

खिडकीखाली उभा असतो तो भाऊ, मामा नाहीतर गावातलाच कुणी 'कार्यकर्ता'. उत्तरं काढून देतो तो कुणीतरी शिकलेला मोठा माणूस. आत पर्यवेक्षक दाराकडे तोंड करून उभा राहतो, कारण पोरं ओळखीची असतात आणि संस्थाचालकाचा निरोप आलेला असतो. काही ठिकाणी तर फळ्यावरच उत्तरं लिहून दिल्याचे प्रकार उघड झालेत. मार्च २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा इथे बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं परीक्षेआधीच मोबाईलवर फिरली, तेव्हा अधिवेशनातही त्यावर गदारोळ झाला. असा पेपर काही विद्यार्थ्याच्या खिशातून फुटत नाही.

शाळेचं गणितही समजून घ्यावं लागेल. निकाल चांगला तर पुढच्या वर्षी प्रवेश जास्त, प्रवेश जास्त तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर शिक्षकाची नोकरी टिकते. विनाअनुदानित शाळेला तर अनुदानाची आशा असते. अशा ठिकाणी 'आमचा निकाल शंभर टक्के' हा फ्लेक्स चौकात लागणं ही गरज होऊन बसते. शहरातला क्लास करायचा आणि परीक्षेपुरतं नाव लांबच्या खेड्यातल्या कॉलेजात ठेवायचं, हा धंदाही याच गरजेवर चालतो.

म्हणूनच २०२५ च्या परीक्षेत केंद्रचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे नेमायचा निर्णय महत्त्वाचा होता. आपल्याच पोरांवर आपलेच सर लक्ष ठेवणार, ही पद्धत त्याने मोडली असती. पण शिक्षक संघटनांनी विरोध केला, 'सगळ्यांवर अविश्वास का' असं विचारलं. शेवटी अदलाबदल आधी गैरप्रकार झालेल्या केंद्रांपुरती राहिली. शिक्षकांचा राग समजण्यासारखा आहे, कारण प्रामाणिक शिक्षकही त्यात भरडला जातो. पण ज्या शिक्षकाला खरंच कॉपी थांबवायची आहे, त्याला गावात दुश्मनी न घेता ते करता यावं, यासाठी परगावचा पर्यवेक्षक हाच सोपा उपाय आहे. स्थानिक सरांनी एखाद्या पुढाऱ्याच्या पोराला उठवलं तर त्यांना तिथेच पुढं नोकरी करायची असते.

'पण पोरांना शिकवायलाच कुणी नव्हतं'

कॉपीच्या बाजूने गावात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गणिताला वर्षभर शिक्षक नाही. एसटी वेळेवर येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोरं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर फडावर असतात, नाहीतर मागे राहून म्हातारी माणसं आणि लहान भावंडं सांभाळतात. नेमके हेच अभ्यासाचे महिने. मग त्या पोराने मार्चमध्ये काय लिहायचं? त्याला नापास करून कुणाचं भलं होणार?

दुखणं खरं आहे, पण औषध चुकीचं आहे. गणिताला शिक्षक नव्हता, तर पालकांनी वर्षभर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, जिल्हा परिषदेत, संस्थेकडे तगादा लावायला हवा. मार्चमध्ये चिठ्ठी मिळाली की हा तगादाच बंद पडतो. निकाल ९५ टक्के लागल्यावर 'इथे शिक्षक नाही' ही तक्रार कोण ऐकेल? कॉपीने पोराचं एक वर्ष वाचतं, पण शाळेतली रिकामी खुर्ची तशीच रिकामी राहते. त्याच्या धाकट्या भावालाही तीच मिळते.

शिवाय पास होण्याची अट काही डोंगराएवढी नाही. दहावीत शंभरपैकी वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि लेखी मिळून ३५ लागतात. शाळेने अठरा दिले, तर ऐंशीच्या लेखी पेपरात सतरा पुरतात. या वीस गुणांचं वजन किती, ते २०१९ मध्ये दिसलं. त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि दहावीचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० वर घसरला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला.

एखाद-दुसऱ्या विषयात राहिलं तरी आता सगळं संपत नाही. निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. 'पोराचं वर्ष वाया जाईल' ही भीती वीस वर्षांपूर्वी खरी होती, आज ती बरीच कमी झाली आहे. ही माहिती अजून कितीतरी घरांत पोचलेलीच नाही.

चिठ्ठी पुढे चालत नाही

खरा हिशेब दोन-तीन वर्षांनी होतो. गावातली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात, ती पोलीस भरतीसाठी नाहीतर अग्निवीरसाठी. पोलीस भरतीला मैदान मारलं तरी शंभर गुणांची लेखी असते. त्यात गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, चालू घडामोडी येतात आणि किमान ४० टक्के लागतात. अग्निवीरला तर आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग मैदान. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. इंजिनिअरिंगला सीईटी, डॉक्टरकीला नीट. या एकाही ठिकाणी खिडकीखाली मामा उभा नसतो.

दहावीला ७८ टक्के मिळवलेला पोरगा शेकडेवारीच्या गणितावर अडतो, तेव्हा त्याला स्वतःलाही कळत नाही आपलं कुठे चुकलं. मार्कशीट तर चांगली होती. मग दोन-तीन भरत्या हुकतात, वय निघून जातं. सगळं गाव त्याला 'नशीब नाही' म्हणतं.

आणि एक नुकसान असं आहे, ज्याची मोजदाद होत नाही. त्याच वर्गात एखादी पोरगी असते, घरकाम उरकून रात्री अभ्यास केलेली. तिला प्रामाणिकपणे ६८ टक्के पडतात. शेजारच्या बाकावर चिठ्ठीवाल्याला ८१. अकरावीच्या चांगल्या कॉलेजच्या यादीत तो वर, ती खाली. घरातले आधीच तिच्या लग्नाचं बघत असतील, तर 'हिला काही जमत नाही' म्हणायला हा निकाल पुरेसा होतो. कॉपीला 'कुणाचं काय वाकडं झालं' म्हणणाऱ्यांनी या पोरीकडे बघायला हवं.

नांदेडने काय दाखवलं

कॉपी बंद होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी महसूल, पोलीस आणि शिक्षण या तिन्ही खात्यांना एकत्र आणून कॉपीमुक्ती राबवली. सुरुवातीला निकाल घसरला, ओरड झाली. पण पुढे मुलांना कळलं की यंदा चिठ्ठी मिळणार नाही, आणि वर्गात हजेरी वाढली. 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर त्याची चर्चा झाली.

त्यातला धडा असा की बंदोबस्त एका वर्षाचा असून चालत नाही. पोरगं जूनमध्येच समजून चुकलं पाहिजे की मार्चमध्ये काही मिळणार नाही. फेब्रुवारीत अचानक ड्रोन उडवले तर त्याला फक्त धडकी भरते, अभ्यास करायला वेळच उरत नाही.

गावाच्या हातात काय आहे

भरारी पथक वर्षातून एखाद्या दिवशी येतं, गाव रोज तिथेच असतं. जून-जुलैच्या ग्रामसभेत शाळेतल्या रिक्त पदांचा विषय घ्यावा, ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. शिक्षक-पालक सभेला नुसती सही करून न येता सहामाहीचे पेपर बघायला मागावेत. पोराला किती पडले यापेक्षा त्याने स्वतः काय लिहिलंय ते कळेल. गावात भरतीची तयारी करणारी, पदवी झालेली पोरं आहेत. त्यांनी संध्याकाळी दोन तास मंदिरात नाहीतर समाजमंदिरात दहावीच्या मुलांचं गणित घेतलं तर त्यांचीही उजळणी होते. आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला 'दादा, घरी चला' म्हणायला पोलीस लागत नाही.

शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स बघून गावाने शाळेला एकच विचारावं : यातली किती पोरं भरतीची लेखी पास झाली? हा आकडा ज्या शाळेला सांगता येईल, तिचा निकाल खरा.