वाणही लागतो!

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. निदान वाईट संगतीवरून बोलणी खाताना तरी खासच. तिचा रोख अर्थात बैलांवर नाही. पण म्हण रचणाऱ्याने जाता जाता एक शास्त्रीय विधानही करून टाकले आहे आणि माझी तक्रार त्या विधानाविषयी आहे. शेजाऱ्याचा गुण लागतो, वाण लागत नाही, असे तो म्हणतो. वास्तविक वाणही लागतो. फक्त तो उलटा लागतो. पांढऱ्या बैलाशेजारी उभा केलेला तांबूस बैल पांढरट दिसत नाही, उलट अधिकच गडद दिसू लागतो.

ही गोष्ट रीतसर मांडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने. मिशेल शेव्रल हे त्याचे नाव. चरबी आणि साबण यांवरील संशोधनामुळे फ्रान्समध्ये त्याचा बोलबाला झाला होता. १८२४ साली पॅरिसच्या गोबेलिन या सुप्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथे भिंतीवर टांगण्याचे प्रचंड चित्रपट विणले जात (सिनेमा नव्हे, खरोखरीचे चित्रांचे पट). शेव्रलपुढे तक्रार आली की कारखान्याचा काळा रंग कच्चा आहे. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरलेली काळी लोकर निस्तेज दिसते. दुसरा कोणी असता तर त्याने रंगाऱ्याला फैलावर घेतले असते. शेव्रलने काय केले, तर आपल्याकडील काळी लोकर इतर नामांकित कारखान्यांतील काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट निघेना. मग त्याचे लक्ष शेजाराकडे गेले. निळ्याच्या शेजारी ठेवलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगी, छटा चढल्यासारखी दिसते आणि तो काळा विटका वाटतो. तोच धागा तेथून उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा काळाभोर! या एका तक्रारीचा त्याने पुढे अनेक वर्षे पिच्छा पुरवला आणि १८३९ साली रंगांच्या परस्परविरोधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्या कितीतरी चित्रकारांनी तो अभ्यासला. शेव्रल स्वतः १०२ वर्षे जगला, १८८९ साली वारला.

रंगाऱ्यावरचा आळ असा दूर झाला खरा, पण तो जो उडाला तो थेट आपल्या डोळ्यांवर जाऊन बसला. डोळे फसवतात, डोळ्यांवर विश्वास नको, असे म्हणण्याची तेव्हापासून जणू सोयच झाली. आमच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचेच उदाहरण घ्या. म्युलर-लायरच्या त्या दोन रेघा: एकीच्या टोकांना बाणाचे पंख आत वळलेले, दुसरीचे बाहेर. पट्टी सरकवून दोन्ही रेघा सारख्या करायच्या, किती मिलिमीटरने चुकलो ते लिहायचे, सरासरी काढायची आणि जर्नलवर सही घ्यायची. प्रयोगाच्या नावात ‘भ्रम’ आणि रकान्यावर ‘त्रुटी’! माझ्या मते हे दोन्ही शब्द अन्यायाचे आहेत.

का, ते सांगतो. भर उन्हात पडलेला कोळसा आणि घरात खुंटीला टांगलेला पांढरा सदरा यांची कल्पना करा. कोळसा आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी जेमतेम चार-पाच भाग परत पाठवतो, सदरा ऐंशीच्या आसपास. पण दुपारच्या उन्हाचा उजेड खोलीतल्या उजेडाच्या शेकडो पट असतो. म्हणजे हिशेबाने पाहिले तर त्या कोळशाकडून डोळ्यांत शिरणारा प्रकाश सदऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी अधिक. डोळ्यांनी नुसता प्रकाश मोजायचा म्हटले असते तर कोळसा शुभ्र आणि सदरा काळा दिसला असता. तसे होत नाही, कारण डोळे मोजत नाहीत, ताडून पाहतात. भोवतालच्या मानाने ही वस्तू किती उजळ, एवढेच ते विचारतात. या तुलनेची सुरुवात डोळ्याच्या पडद्यातच होते. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात, हे हार्टलाइन याने एका सागरी खेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले आणि त्याला १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सगळाच उलगडा काही त्याने होत नाही. १९९५ साली एडेलसन या अमेरिकन प्राध्यापकाने बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र केले. पटावर एका दंडगोलाची सावली पडली आहे. सावलीतले पांढरे घर आणि उजेडातले काळे घर छपाईत अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत, पण पाहणाऱ्याला ते काही केल्या पटत नाही. मेंदू सावलीची वजाबाकी करून मोकळा झालेला असतो. गंमत अशी की, हे कळल्यानंतरही चित्र पूर्वीसारखेच दिसते. ज्ञानाने दिसणे बदलत नाही. फार तर आपण त्यावरून काय बोलतो ते बदलू शकते.

आणि बोलण्याचाच प्रश्न आहे. आपल्याकडे माणसाच्या कातडीच्या रंगावर जेवढे बोलले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बोलले जात असेल. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी आपली सूक्ष्म वर्गवारी! विवाहमंडळाच्या अर्जात उंचीपुढे फूट आणि इंच असतात, वर्णापुढे नुसती कोरी रेघ. ती रेघ कोण भरते? बैठकीच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे बसलेल्या मुलीकडे पोहे संपेपर्यंत पाहणारी चार माणसे. त्याच मुलीला गडद दारापुढे बसवा, तिचा चेहरा उजळ वाटेल. गोऱ्यापान बहिणीशेजारी ती जन्मभर ‘सावळी’ म्हणून ओळखली जाते. शेजारच्या घरात जन्मली असती तर तिलाच ‘त्यातल्या त्यात उजळ’ म्हटले असते. यात सगळे काम डोळ्यांचेच असते असे नाही, जिभेचेही असते; पण तऱ्हा शेव्रलच्या काळ्या धाग्याचीच.

कोणी म्हणेल, त्वचेत रंगद्रव्य कमी-अधिक असतेच की! असतेच. मेलॅनिन प्रयोगशाळेत मोजताही येते. पण बैठकीत बसलेल्या आत्याबाई मेलॅनिन मोजत नसतात. त्या शेजार मोजत असतात आणि निकाल मुलीवर लिहून जातात. साडी निवडणाऱ्या अनुभवी बायकांना हे आतून ठाऊक असते. ‘तुला हा रंग खुलत नाही’ या वाक्यात अर्धा शेव्रल आहे. त्यानेही आपल्या ग्रंथात पोशाखाचा विचार केला असून हिरव्या वस्त्राने चेहऱ्यावर गुलाबी झाक येते, असे नोंदले आहे. पण माझ्या मैत्रिणींनी यावरून गडद पडद्यापुढे बसण्याची युक्ती शोधू नये. ज्या परीक्षेचे मापच खोटे, तिच्यात पास कशाला व्हायचे? २०२० साली एका अतिप्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला ‘गोरेपणा’ काढून टाकला. नाव बदलले, त्या अर्जातली रेघ तशीच आहे.

ज्यांना हे सारे पुस्तकी वाटते त्यांनी घोटीव कागदाचे दोन ताव आणावेत, एक लाल आणि एक हिरवा. एकाच करड्या पुठ्ठ्याचे दोन लहान चौकोन कापून एकेका तावाच्या मध्यभागी ठेवावेत. लालवरचा करडा हिरवट वाटू लागेल, हिरव्यावरचा तांबूस. दोन्हींवर पातळ पांढरा कागद पसरला तर परिणाम कमी होण्याऐवजी वाढतो. जोसेफ आल्बर्स हा मोठा चित्रकला-शिक्षक विद्यार्थ्यांकडून असलेच कागद कापून घेई. एकच रंग दोन दिसतील आणि दोन रंग एक दिसतील असे करून आणा, हा त्याचा गृहपाठ. त्यातून त्याचे १९६३ सालचे रंगांवरचे पुस्तक तयार झाले.

माझी आमच्या विभागातील सरांना आणि मॅडमना विनंती आहे की, पुढील वर्षी म्युलर-लायरच्या जोडीला हा कागदांचा प्रयोगही प्रात्यक्षिकांत घ्यावा. खर्च पाच-पन्नास रुपयांचा. जर्नल नव्याने छापले जाईल तेव्हा ‘त्रुटी’ या रकान्यावर ‘फरक’ असा शब्द घालता आला तर उत्तमच. तोवर पेनाने खोडून लिहिण्याची परवानगी असावी.