परतलेला कर्मचारी आणि वेतनपट

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 मध्ये मिटला. मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्याची मुदत दिली आणि बडतर्फ झालेल्यांनाही परतीची वाट मोकळी झाली. आंजी (मोठी)सारख्या गावांतून वर्ध्याला शिकावयास जाणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न तेथेच संपला, एस.टी. धावू लागली. परतलेल्या माणसाचा प्रश्न मात्र तेथून सुरू होतो. वेतनपटावर तो जुना की नवा?

हा प्रश्न केवळ कारकुनी नव्हे. उपदानासाठी नियमित कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षे सेवा लागते व प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. चार वर्षे नोकरी करून निघालेला माणूस परत येऊन आणखी चार वर्षे राबला, तर सेवासातत्य मानल्यास त्याला 120 दिवसांचे वेतन मिळेल. नवा क्रमांक देऊन सेवा तोडल्यास एक पैसाही नाही. ज्येष्ठता आणि वेतनवाढ यांचेही तसेच.

अर्थात परतणारे सारे एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. स्वेच्छेने राजीनामा देऊन गेलेल्याने नव्या नेमणुकीवर जुना हक्क सांगणे सामान्यतः योग्य ठरत नाही. अन्यायाने काढलेल्याची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या 1977 च्या सेवाशर्ती कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरण शिक्षकास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते. क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास सेवासातत्य व मागील वेतनासह पुनःस्थापना हाच सर्वसाधारण नियम होय.

परंतु आदेश कागदावर असतो आणि पगार संगणकातून निघतो. अनुदानित शाळांचे वेतन ‘शालार्थ’ प्रणालीतून निघते. तेथे नाव चढेपर्यंत न्यायालयात जिंकलेला शिक्षकही बिनपगारीच राहतो. प्रशासन सावधगिरीचे कारण पुढे करील आणि ते अगदीच पोकळ नाही. 2025 साली नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. तथापि ज्याची नोंद पूर्वी होतीच, त्याची पडताळणी नवख्यापेक्षा सोपी असते. त्याचे सेवापुस्तक कार्यालयाच्याच कपाटात असते.

म्हणून नियम साधे हवेत. जुनाच क्रमांक पुन्हा सुरू करावा. मधला काळ पुसून न टाकता त्याच्या तारखा नोंदवाव्यात आणि तो काळ सेवेत धरला की नाही, हे आदेशाच्या क्रमांकासह लिहावे. थकबाकी चालू पगारात न मिसळता वर्षवार दाखवावी. नोंद करणारा व मंजुरी देणारा एकच नसावा. आणि या साऱ्यास मुदत असावी. विलंब झाल्यास तो कोणाच्या मेजावर झाला, हेही दिसावे.

भविष्यनिर्वाह निधीत 2014 पासून सदस्याला नोकरी बदलली तरी तोच सार्वत्रिक खातेक्रमांक वापरता येतो. जे तेथे जमले, ते आपल्याच कार्यालयात परतणाऱ्या माणसासाठी जमू नये, याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही.