दुखणे अंगावर काढणे हे शौर्य नव्हे
जयपूर मॅरेथॉन जवळ आली की 'दुखले तरी धावत राहा' असा उपदेश सुरू होतो. तो अशास्त्रीय आहे. धावताना हाडांत सूक्ष्म तडे पडतात आणि विश्रांतीत शरीर ते बुजवते. दुरुस्तीपेक्षा भार वेगाने वाढला, की हाड मोडू लागते. कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांतील हे दुखणे प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये नोंदवले. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. लक्षणे यंत्राच्या चाळीस वर्षे आधी बोलत होती. आजही पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये असा तडा बहुधा दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे स्वच्छ आहे' हा निर्वाळा पुरेसा नाही.

स्नायूंचे दुखणे पसरट असते आणि काही दिवसांत ओसरते. मात्र हाडावर नेमके बोट ठेवता येईल अशी वेदना, रात्रीचा ठणका, लंगडणे किंवा जांघेतील खोल दुखणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जांघेतील दुखण्याकडे दुर्लक्ष झाल्यास खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये याच शहरात पाय गमावलेल्यांसाठी 'जयपूर फूट' घडवला. तिथे धडधाकट पायांची हेळसांड शोभत नाही.