परसातील वाफा

ज्या खातेदाराच्या नावे त्र्यंबकच्या डोंगरउतारावर पाच-दहा एकर भात व नागली आहे, तो परसाकडे बायकांचे काम म्हणून पाहतो. हा समज आम्हांस घातक वाटतो. गावठाणातील परसाची नोंद सात-बारावर होत नाही, हे महसूल खात्यात जन्म घालविल्यामुळे आम्ही जाणतो. परंतु उताऱ्यावर नाही ती शेतीच नव्हे, असे थोडेच आहे?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. फवारलेल्या भाजीने नातू आजारी पडला, असे वाटून त्या गावरान बियाण्याकडे वळल्या. पुढे बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

प्रयोगास परसच योग्य. वालाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्याचे बी सहसा शुद्ध राहते. तांबड्या भोपळ्याचे तसे नाही, मधमाशी दोन वाण बेलाशक मिसळते. यास्तव नर व मादी कळ्या आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधाव्या, सकाळी हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधावे. चार एकरांत हे कोण करील? शिवाय दुखण्यातून उठलेल्या माणसास नांगर धरवत नाही, पण वेलास मांडव घालता येतो.

मृगापूर्वीच्या सभेस प्रत्येक सभासदाने मूठभर घरचे बी, वाणाचे नाव लिहून, अदलाबदलीस आणावे. बी राखतात घरधनिणी. सबब त्यांसही सभेचे बोलावणे धाडावे.